ढेप कोणाची?

गेल्या महिन्यातल्या तालुका बैठकीत एक शेतकरीबाई उठल्या, पिशवीतून मूठभर सरकी ढेप काढली आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात टाकली. ढेप भिजली, फुगली, टरफले वर आली आणि ग्लासाच्या तळाशी बोटभर माती बसली. "तीन गायी आहेत. महिन्याला अशी चार-पाच पोती लागतात. यात ढेप किती अन् वावर किती, ते तुम्हीच सांगा," एवढे बोलून त्या खाली बसल्या. सभेत हशा झाला, पण तो फार वेळ टिकला नाही. लागलीच दूध घालणाऱ्या कार्यकर्त्यांनी ठराव मांडला : सरकी ढेप, सोयापेंड आणि भाताचा कोंडा यांच्या निर्यातीवर सरकारने कायमची बंदी घालावी, म्हणजे पशुखाद्य स्वस्त होईल. निम्मे हात वर गेले, निम्मे खाली राहिले. ठराव जिल्हा मेळाव्याकडे पाठवला आहे. त्यावर आमचे मत काय, असे अनेकांनी विचारले, म्हणून हा अग्रलेख.

प्रथम हिशेब मांडू. ढेप येते कोठून? एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोंच्या आसपास सरकी निघते, बाकी कचरा आणि घट. ती सरकी घाणीत गेली की सात-आठ किलो तेल निघते आणि ५५ किलोंच्या आसपास ढेप उरते. म्हणजे वजनाने पाहिले तर आपण कापूस विकतो असे म्हणतो तेव्हा निम्म्याहून जास्त ढेपच विकत असतो. सोयाबीनचे तेच. शंभर किलोंत तेल १८ ते २०, उरलेली सारी पेंड. सोयाबीनला आपण तेलबिया म्हणतो ही कागदावरची सोय झाली. कारखानदार ते घेतो पेंडीसाठी. तुरीची डाळ क्विंटलमागे ७० किलोंच्या आसपास पडते, बाकी चुनी, टरफल आणि भुकटी. अकोल्याच्या डाळमिलमधून, लातूरच्या कारखान्यातून ही चुनी पोत्यात भरून आपल्याच गावच्या दुकानात परत येते. जो माल आपल्या वावरातून ट्रॅक्टरने गेला तोच पोत्याला शिवण घालून, वाळूसकट, दुचाकीवरून परत येतो. जाताना त्याला भाव नव्हता, येताना त्याला किंमत आहे.

हिशेबासाठी एक गाव धरू. पाचशे एकर कापूस, एकरी सहा क्विंटल. तीन हजार क्विंटल कापसाची ढेप झाली १,६५० क्विंटल. त्याच गावात दोनशे दुभती जनावरे, रोजी दोन किलो ढेप खाणारी. वर्षाला लागली १,४६० क्विंटल. गावाची गरज गावच्याच कापसात भागून थोडी उरते. तरीही या गावात ढेप बाहेरून येते, कारण कापूस दिवाळीनंतर कर्जाच्या तगाद्याने जातो, सरकीसकट जातो, आणि ढेप बारा महिने रोख पैशांनी घ्यावी लागते. मधल्या प्रवासात भाडे, हमाली, आडत, मिलचा नफा, दुकानदाराची उधारी आणि ग्लासाच्या तळाशी बसलेली ती माती, हे सारे पशुखाद्याच्या बिलात जमा होते. दुधाच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा चारा-खाद्याचा असतो हे सर्वांनाच ठाऊक आहे.

हल्ली 'टिकाऊ शेती' हा शब्द फार ऐकू येतो. बँकांचे अधिकारी म्हणतात, संस्थांची पत्रके म्हणतात, परदेशी पाहुणे तर म्हणतातच. शेतमालाच्या उपपदार्थांपासून पशुखाद्य करा, काही वाया जाऊ देऊ नका, असा त्यांचा उपदेश असतो. आमच्या आजीने हे ऐकले असते तर तिने विचारले असते की, बाबा, वाया घालवले कोणी? तुरीचे कुटार, हरभऱ्याचे कुटार, ज्वारीचा कडबा, डाळीची चुनी, घाण्याची पेंड यातले काहीही शेतकऱ्याच्या घरात कधी टाकून दिले गेले नाही. हे सांगताना आम्हाला लाकडी घाण्याचे गोडवे मात्र गायचे नाहीत. त्या घाण्यात बैल दिवसभर फिरे, तेल थोडे निघे, बरेचसे पेंडीत राही. जनावरे तुकतुकीत दिसत, पण घाणेवाला आणि शेतकरी दोघेही फाटकेच राहिले. ते दिवस परत आणा असे ज्यांना वाटते त्यांनी आधी आठवडाभर तो घाणा स्वतः ओढून पाहावा.

टिकण्याचा खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो जमिनीचा आहे. ही गोष्ट मेळाव्यात प्रत्येकाने नीट समजून घ्यावी, कारण ठराव मांडणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा इथेच आहे. रुई, तेल आणि साखर हे तिन्ही पदार्थ पिकाने हवा, पाणी आणि ऊन यांपासून केलेले असतात. त्यांच्यात जमिनीतले जवळजवळ काही नसते. रुईची गाठ मँचेस्टरला गेली काय किंवा ढाक्याला गेली काय, वावराचे काही बिघडत नाही. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक हे सारे बसलेले असते ढेपेत, चुनीत, कोंड्यात, पालापाचोळ्यात. ज्याला आपण मुख्य माल म्हणतो ती हवा; ज्याला उपपदार्थ म्हणतो ती आपली जमीन. सरकी ढेपेत २२ टक्के प्रथिने धरली तर क्विंटलमागे साडेतीन किलो नत्र झाले, म्हणजे साडेसात किलो युरिया. सोयाबीन आणि तूर आपले बरेचसे नत्र हवेतून घेतात हे खरे, पण स्फुरद आणि पालाश हवेतून येत नाही. पेंडीचा डबा भरून बंदराकडे निघाला की त्याबरोबर वावराचा एक थर निघतो.

तीच ढेप गावात जनावराने खाल्ली तर? खाल्लेल्या नत्रातले तीन चतुर्थांशाच्या आसपास शेण-मूत्रातून परत मिळते, दुधातून जाते ते थोडे. मात्र त्यातले निम्मे मूत्रात असते, आणि मातीच्या गोठ्यात ते जिरून-उडून जाते. शेणाचा उकिरडा करणारे आम्ही सगळेच, मूत्र धरून ठेवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गोठ्याला उताराची फरशी आणि शेवटी एक टाके, एवढ्या कामाने जेवढे खत वाचते तेवढे कोणत्याही योजनेच्या पोत्यातून आलेले नाही.

तेव्हा ढेप गावात राहावी, गावच्या जनावराने खावी, शेण वावरात जावे, हे आम्हाला मान्य आहे. निर्यातबंदीने ती गावात राहील, हे मात्र साफ अमान्य आहे.

बंदीचा इतिहास ताजा आहे. तेल काढलेल्या भाताच्या कोंड्याच्या निर्यातीवर केंद्राने जुलै २०२३ मध्ये बंदी घातली. कारण सांगितले ते पशुखाद्याच्या महागाईचे, दुधाच्या भावाचे. काही महिन्यांपुरती म्हणून घातलेली बंदी मुदतीमागून मुदत वाढवत दोन वर्षांहून जास्त चालली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उठली. त्या काळात महाराष्ट्रातल्या दूधवाल्याचे काय भले झाले? २०२३ च्या हिवाळ्यात गायीच्या दुधाचे भाव कोसळले आणि जानेवारी २०२४ पासून राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले, पुढे ते ७ रुपये करावे लागले. बंदी चालू, अनुदानही चालू. कोंडा स्वस्त झाला की भात गिरणीवाला धानाचा भाव तेवढाच खाली धरतो. तो पैसा गोंदिया-भंडाऱ्याच्या धान उत्पादकाच्या खिशातून जातो. आणि खाद्य स्वस्त झाले की दूध खरेदी करणारा म्हणतो, आता तुमचा खर्च कमी झाला, भाव कशाला वाढवून मागता? दोन शेतकऱ्यांचे नुकसान आणि फायदा तिसऱ्याचा.

सोयाबीनवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास होते. कोंबडीखाद्य महागले म्हणून ओरड झाली आणि केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला मोकळीक दिली. ती पेंड जनुक बदललेल्या सोयाबीनची. बी पेरायला आपल्या शेतकऱ्याला मनाई, पण त्याच बियांची पेंड परदेशी शेतकऱ्याकडून आणायला परवानगी. कारण काय, तर पेंडीत जीव नसतो! नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आले. नव्या मालाची आवक आणि ओलावा ही कारणेही होती, ती आम्ही लपवत नाही. पण आयातीची बातमी पेरण्या उरकल्यावर आणि काढणीच्या तोंडावर यावी हा योगायोग दरवेळी आपल्याच नशिबी कसा येतो? डिसेंबरात सोयापेंडीवर साठ्याची मर्यादा आली आणि सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद झाले. सरकी ढेपेचा वायदा मात्र अकोल्याच्या नावावर चालतो. ज्या शहराच्या नावाने देशभर ढेपेचे सौदे होतात त्या जिल्ह्यातल्या किती कापूसवाल्यांनी तो भाव कधी पाहिला असेल? सरकीचा भाव क्विंटलला ५०० रुपयांनी पडला तर कापूस क्विंटलमागे ३२० रुपयांनी पडतो, हे साधे गणित आहे. ढेप स्वस्त करा अशी मागणी करणारा हात वर जातो, तेव्हा तो शेजारच्या कापूसवाल्याच्या खिशात जातो. आणि पुष्कळ घरांत तो कापूसवाला आणि हा दूधवाला एकच माणूस असतो.

आता नवी गोष्ट आली आहे. मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले. एक टन मका गेला की सुमारे ३०० किलो प्रथिनयुक्त चोथा सुकवून निघतो, आणि कोंबडीखाद्यवाले सोयापेंडीऐवजी तो घेऊ लागले. सोयापेंडीचा भाव दबला, सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले जाऊ लागले. मका उत्पादकाचा फायदा झाला याचा आम्हाला आनंद आहे. एका शेतकऱ्याच्या मालाने दुसऱ्याच्या मालाला बाजारात टक्कर दिली तर त्याविरुद्ध रडगाणे गायचे कारण नाही. आमची तक्रार वेगळी : इथेनॉलचा भाव सरकार ठरवते, कारखान्याला तांदूळ सरकार देते, सोयाबीनच्या वायद्याला कुलूप सरकार लावते, आणि मग सोयाबीनवाल्याला सांगितले जाते की बाजाराला कोण काय करणार.

ठरावाला विरोध करून आम्ही त्या बाईंच्या ग्लासाचे उत्तर दिलेले नाही, याची जाणीव आहे. ते उत्तर गावात प्रक्रिया करण्यात आहे, पण ते सोपे नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी डाळमिल विदर्भात बऱ्याच ठिकाणी चालते, काही ठिकाणी बचत गटाच्या बायका ती चालवतात. जिथे ती नीट चालते तिथे डाळीचे पैसे बाहेरून येतात आणि चुनी दारातच राहते, हाच तिचा अर्धा नफा. चुनी-टरफलावर पूर्वी ५ टक्के जीएसटी होता. डिसेंबर २०२२ च्या परिषदेत तो शून्यावर आणला. एवढे एक काम सरकारने बरे केले, तेही नोंदवून ठेवतो. सरकीसाठी छोटी घाणी चालू शकते. सोयाबीनसाठी नाही : तेल पुरते काढायला मोठा कारखाना लागतो, आणि कच्चे सोयाबीन भरडून जनावराला घालणे चुकीचे, कोंबड्यांना तर फारच, ते भाजावे लागते. सरकी ढेपही रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला चालते. लहान वासरांना आणि कोंबड्यांना तिच्यातला गॉसिपॉल नावाचा विषारी भाग बाधतो.

पशुखाद्याची यंत्रे अनुदानावर घेतली आणि गंजवली, अशी गावेही आम्ही पाहिली आहेत. यंत्र वाईट नव्हते. माल तीन महिन्यांत येतो आणि तो भरून ठेवायला भांडवल नव्हते. वीज रात्री दोनला येई. आणि पहिल्याच पावसाळ्यात गोदामाच्या भिंतीला टेकवलेली पोती बुरसली. ही तिसरी गोष्ट सर्वांत घातक. बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, डोळ्यांना दिसत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड खाऊन लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले तेव्हा त्याचा शोध लागला. गाय मरत नाही, ती ते विष दुधात उतरवते, आणि दूध तापवून ते जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी तपासणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेबाहेर निघाले. इथेनॉलच्या चोथ्यात तर मक्यातले विष जवळजवळ तिपटीने दाटते, कारण पिठूळ भाग निघून जातो आणि विष मागे राहते. तेव्हा गावात केलेले ते शुद्ध, असे समजून कोणी फसू नये. ओलावा १०-१२ टक्क्यांच्या आत, पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि बुरसलेले खाद्य जनावराला नाही म्हणजे नाही. 'थोडेसेच बुरसले आहे, म्हशीला चालते,' हे वाक्य आपल्याच घरात बोलले जाते.

भेसळीचेही ऐकून घ्या. प्रयोगशाळेत प्रथिने मोजतात ती नत्र मोजून. पोत्यात युरिया मिसळला की नत्र वाढते आणि माती-भुसा घातलेली ढेपही कागदावर उत्तीर्ण होते. म्हणून नुसते प्रथिनांचे प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला युरिया आणि वाळू वेगळी मोजून दाखव म्हणावे. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी, शेतकऱ्याला परवडेल अशा फीमध्ये झाली पाहिजे.

गाव एकटे हे करू शकत नसेल तर दूध घेणाऱ्याने करावे. १९६४ साली आणंदजवळ कंजरी येथे अमूलच्या पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनाला लालबहादूर शास्त्री गेले, त्या भेटीत त्यांनी एक रात्र अजरपुरा गावात काढली, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभे राहिले. दुधाच्या महापुराची कथा सांगणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्या उगमाशी खाद्याचा कारखाना होता हे फार थोडे सांगतात. आपल्याकडे काही दूध संस्थांनी खाद्य म्हणजे दुधाच्या बिलातून परस्पर कापून घ्यायची आणखी एक रक्कम एवढाच अर्थ लावला. पोत्यावर संस्थेचे नाव मोठे, आत काय आहे ते बारीक अक्षरात, भाव संचालक ठरवणार. अशा संस्थेचे सभासद आपणच आहोत आणि वार्षिक सभेत चहा पिऊन घरी येणारेही आपणच.

वाढ्याचा प्रश्न ऊसवाल्यांनी विचारला आहे. वाढे हे तोडणीवाल्यांच्या बैलांचे आणि त्यांच्या वरकड कमाईचे. त्यावर शेतकऱ्याने डोळा ठेवू नये असे आमचे मत आहे. शिवाय नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवले तर त्यातल्या ऑक्झलेटमुळे त्याच्या अंगातला चुना कमी होतो. चुना-मीठ द्यावे आणि दुसरी वैरण बरोबर घालावी.

भाताच्या पेंढ्याला किंवा गव्हांड्याला युरियाची प्रक्रिया करण्याची पद्धत जुनी आहे : शंभर किलोंना चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर दाबून, एकवीस दिवस हवाबंद. ज्यांनी केली त्यांना फायदा झाला. पण युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागले तर जनावर जाते, म्हणून ज्याच्या हाताला शिस्त आहे त्यानेच करावे.

मेळाव्यात आम्ही मूळ ठरावाला विरोध करू आणि त्याऐवजी हे मांडू : ढेप, पेंड, चुनी, कोंडा यांच्या निर्यातीवर बंदी नको आणि हंगामाच्या तोंडावर आयातीची मोकळीक नको, सोयाबीनचा वायदा सरकारने पुन्हा बंद करू नये, तालुक्याला खाद्यतपासणीची सोय, आणि गावात साठवलेल्या सरकी-तुरीवर तारण कर्ज, म्हणजे दिवाळीला विकण्याची पाळी येणार नाही. ज्यांना बंदीच हवी आहे त्यांनीही जरूर बोलावे. त्यांचे शेणाचे गणित बरोबर आहे, आणि ते आमच्यापेक्षा जास्त गुरे सांभाळतात.

येताना प्रत्येकाने तीन आकडे कागदावर लिहून आणावेत. या हंगामात किती कापूस, सोयाबीन, तूर विकली आणि कोणत्या भावाने. गेल्या बारा महिन्यांत ढेप, चुनी, पेंड किती घेतली आणि कोणत्या भावाने. आणि गावापासून सर्वांत जवळची जिनिंग, घाणी, डाळमिल किती किलोमीटर. नोंदी वहीत उतरवून घेण्यासाठी दाराशी दोन कार्यकर्ते बसतील. ज्यांच्या घरी ढेपेचे पोते उघडलेले आहे त्यांनी त्यातली मूठभर आणावी. ग्लास आणि पाणी आम्ही ठेवू.